देवघेव

वाचनालयाच्या दारात फळा असे. वर खडूने 'नवीन आलेली पुस्तके' अशी ओळ, खाली आठ-दहा नावे. पुस्तक, लेखक, दाखल क्रमांक. येणारा माणूस चपला काढता काढता फळा वाची. पावसाळ्यात ओल्या छत्र्या तिथेच टेकवल्या जात आणि खालच्या दोन ओळी पुसून जात. फळा अजून आहे. त्यावर आता सुट्ट्यांच्या तारखा आणि थकीत वर्गणीची सूचना असते.

देवघेवीच्या टेबलाशी ग्रंथपाल बसत. सभासदाचा क्रमांक त्यांना तोंडपाठ असे. कोणाच्या घरी कोण काय वाचते, हेही. पुस्तक परत आले की ते एकदा चाळून बघत, पाने जागच्या जागी आहेत ना हे पाहत आणि विचारत, "कसं वाटलं?" उत्तर बहुधा दोन शब्दांचे असे. संध्याकाळपर्यंत ते आणखी तिघा-चौघांच्या कानावर गेलेले असे.

टेबलाला एक खण असे. त्यात चार-पाच पुस्तके बाजूला काढून ठेवलेली असत. ती ठरावीक सभासदांसाठी. कोणते कोणासाठी, हे कुठे लिहिलेले नसे. ग्रंथपाल निवृत्त झाले की खण रिकामा होई. नव्या टेबलांना खण नाहीत. कीबोर्ड ठेवायची फळी आहे.

'नंबर लावणे' हा शब्द पुस्तकांच्या बाबतीत वापरला जाई. 'स्वामी' १९६२ साली आली, 'मृत्युंजय' १९६७ साली. अशा पुस्तकांसाठी वेगळी वही घालावी लागे. नाव लिहायचे आणि वाट बघायची. नंबर जवळ आला की आधीच्या वाचकाच्या घरी जाऊन "झालं का?" असे विचारणारेही असत.

पुस्तके बंद कपाटांत असत, तेव्हाची मागणी चिठ्ठी. पाच नावे पसंतीच्या क्रमाने लिहायची. चिठ्ठी घेऊन शिपाई आत जाई. पाचांपैकी एकही जागेवर नसले तर तो सहावे घेऊन येई, स्वतःच्या मनाने. बऱ्याच सभासदांचे बरेच वाचन या सहाव्या पुस्तकांचे आहे. पुढे कपाटे खुली झाली. चिठ्ठी बंद झाली. शिपायाची जागा नंतर भरली गेली नाही.

तालिकेचे कपाट. लाकडी, छोट्या खणांचे, प्रत्येक खणात पितळी सळीत ओवलेली कार्डे. काही लेखकांच्या कार्डांच्या वरच्या कडा बोटांनी काळ्या झालेल्या असत. नवा सभासद खण ओढून आधी काळ्या कडा बघे. संगणक आल्यावर कार्डे सळीतून काढली. त्यांची कोरी बाजू निरोप लिहायला बरीच वर्षे पुरली.

शिफारस वही. लांबट, जाड पुठ्ठ्याची, कोपऱ्याला भोक पाडून दोरीने पेन्सिल बांधलेली. रकाने पाच: अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, सुचवणाऱ्याची सही, शेरा. शेऱ्याचा रकाना ग्रंथपालांचा. त्यात लाल शाईने 'मागवले', 'आले', 'उपलब्ध नाही', 'समितीपुढे ठेवले' यांपैकी काहीतरी लिहिले जाई. कधी सुचवलेल्या नावाखाली दुसऱ्या हाताने 'सहमत' असे लिहिलेले असे. एका नोंदीखाली चार वेळा 'सहमत' आल्यावर पुस्तक मागवल्याचा शेरा पडलेला दिसतो.

तालुक्याच्या एका वाचनालयात ही वही अजून आहे. दोरी आहे. पेन्सिल नाही.

*

पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली चिठ्ठी. तिच्यावर परतीच्या तारखेचा शिक्का पडे. शाई जांभळी. पुस्तक हातात घेतले की आधी मागचे पान उघडायचे, शिक्के मोजायचे आणि मग पुढचे पान, अशी रीत होती. शिक्के दाट असले की पुस्तक घरी जाई.

त्याच तालुक्याच्या वाचनालयात व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची एक प्रत होती. कादंबरी १९५५ सालची. प्रतीची दोनदा बांधणी झालेली. कापडी पाठ, रेक्झिनचे कोपरे, कण्यावर पांढऱ्या शाईने हाताने लिहिलेले नाव. 'वा'चा काना शाई ओघळून खाली आलेला.

या प्रतीत तीन चिठ्ठ्या होत्या, एकीवर एक चिकटवलेल्या. पहिली पूर्ण भरलेली. दुसरीही भरलेली, मे महिन्याचे शिक्के एकमेकांवर चढलेले, कारण सुट्टीत पुस्तक चार दिवसांत परत येई. तिसऱ्या चिठ्ठीवर वरची एक ओळ आणि खालच्या ओळीतला पहिला शिक्का. त्यानंतर मुखपृष्ठावर बारकोड लागला. शिक्का मारणे थांबले.

एकविसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात सात खुणा होत्या. एक टिंब. एक फुली. एक छोटे वर्तुळ. 'सु' हे अक्षर. दोन उभ्या रेघा. एक चांदणी. एक निळी, न समजणारी. पुस्तक आपण आधी वाचले आहे की नाही, हे लक्षात राहावे म्हणून नेहमीचे वाचक एक पान ठरवून घेत आणि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात त्या पानावर आपली खूण करत. कोणाचे एकविसावे, कोणाचे एकावन्नावे. खुणा ओळखीच्या होत. 'चांदणी'ने वाचलेले पुस्तक डोळे मिटून न्यावे, असे मानणारे होते. चांदणी कोण, हे त्यांना माहीत नसे.

फाटके पुस्तक चांगले, असा समज होता. बांधणी जितकी जाड तितके पुस्तक वाचलेले. बुकबाइंडर वर्षातून दोनदा येई आणि पुस्तकांचे गठ्ठे सायकलवर बांधून नेई. आता फाटलेल्या पुस्तकाच्या जागी नवी आवृत्ती येते. ती गुळगुळीत असते. ती आधी कोणी नेली, हे तिच्याकडे बघून कळत नाही.

समासातल्या नोंदी. पेन्सिलीने 'खरे आहे', 'अतिशयोक्ती', 'हाच अनुभव'. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करणारा एखादा सभासद प्रत्येक वाचनालयात असे. त्याच्या हातून गेलेले पुस्तक लगेच ओळखू येई. 'पुस्तकात काहीही लिहू नये' असा शिक्का त्याच पानावर मारलेला असे.

रहस्यकथेच्या पहिल्या पानावर कोणीतरी लिहून ठेवी, 'खुनी — भाचा'. त्याखाली दुसऱ्या शाईत 'गाढवा'. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांपैकी पुष्कळ अशाच हातोहात फिरल्या. काहींची मुखपृष्ठे गेली, काहींची शेवटची पाने. शेवटचे पान नसलेली प्रत देताना ग्रंथपाल आधी सांगत. काही जण तरीही नेत आणि परत करताना शेवट टेबलाशी उभ्या उभ्या विचारून घेत.

पुस्तकात राहिलेल्या वस्तू. एसटीचे तिकीट, पिंपळाचे पान, लग्नपत्रिकेचा तुकडा, वाण्याची यादी, खुणेसाठी घातलेला लोकरीचा धागा. ग्रंथपाल त्या एका डब्यात ठेवत. डबा आता नाही. तिकिटेही आता त्या कागदाची नसतात.

*

घरपोच वाचनालयाचा माणूस. खांद्याला दोन पिशव्या, आठवड्याचा ठरलेला वार. पुण्या-मुंबईत तो तीन-चार मजले चढून येई. पिशवीत कुमुदिनी रांगणेकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, काकोडकर, सुहास शिरवळकर. दारातच पिशवी उघडली जाई. शेजारच्या बायका बाहेर येत. "ही घेऊ नका, मागच्यासारखीच आहे," हे सांगायचे काम शेजारणीचे असे. मोठ्या सोसायट्यांच्या फाटकावर पहारेकरी बसू लागले, तेव्हा पिशवीवाल्याला वहीत नाव, वेळ आणि काम लिहावे लागे. पुढे तो येईनासा झाला.

दुपारचे मोठ्याने वाचन. एकीने वाचायचे, बाकीच्यांनी तांदूळ निवडायचे, वाती वळायच्या. 'स्त्री' मासिकातली क्रमशः कादंबरी अशी वाचली जाई. 'स्त्री' १९३० साली निघाले. पुढच्या अंकापर्यंत नायिकेचे काय होणार, यावर महिनाभर बोलणे चाले. दुपारी दूरदर्शनचे कार्यक्रम सुरू झाल्यावर वाती वळणे चालू राहिले.

घरातली 'कोणाला दिले' वही. पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव, तारीख. परत आले की आडवी रेघ. बहुतेक वह्यांत एक-दोन नावांवर रेघ नसते. ती पुस्तके कोणाकडे आहेत, हे दोन्ही घरांना माहीत असे. लग्नकार्यात भेट झाली की एकमेकांना त्याची आठवण करून दिली जाई, आणि पुस्तक तिथेच राही.

जुन्या कॅलेंडरच्या कागदाची कव्हरे. पुस्तक दुसऱ्याला द्यायचे असले की आधी कव्हर घातले जाई. गुळगुळीत बाजू आत, पांढरी बाहेर. पांढऱ्या बाजूवर नाव लिहायचे. परत येताना कव्हर बदललेले असे, कारण नेणाऱ्याच्या घरी ते मळले होते आणि त्याने नवे घातले होते.

मुंजीत, बक्षीस समारंभात, वाढदिवसाला पुस्तक देणे. सानेगुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाली. पुढच्या कित्येक वर्षांत एकेका घरात तिच्या तीन-तीन प्रती जमल्या, तिन्हींवर वेगवेगळे 'सप्रेम भेट'. अहेराच्या यादीत आता पाकीट असते. पत्रिकेवर 'कृपया अहेर आणू नये' असेही असते.

काचेची दारे असलेले पुस्तकांचे कपाट दिवाणखान्यात असे. पाहुणा बसल्या जागेवरून मान तिरकी करून नावे वाची. चहा येईपर्यंत एक पुस्तक बाहेर आलेले असे. इमारतीचा पुनर्विकास झाला की नव्या घराच्या आराखड्यात त्या भिंतीवर टीव्ही असतो. पुस्तके खोक्यांत भरून वाचनालयाकडे नेली जातात. वाचनालयाच्या दारावर लिहिलेले असते, 'जागेअभावी देणगी पुस्तके स्वीकारली जात नाहीत.'

*

दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही रीत. चाळीत प्रत्येक बिऱ्हाड एकेक अंक विकत घेई. कोणी 'मौज', कोणी 'दीपावली', कोणी 'हंस', कोणी 'आवाज'. कोणी काय घ्यायचे, हे आधी जिन्यात ठरे. भाऊबीज उलटली की अंक दारोदार फिरू लागत. 'आवाज'मधल्या चित्रांच्या कागदी खिडक्या उघडून उघडून फाटत. मार्गशीर्षापर्यंत प्रत्येकाने सगळे वाचलेले असे.

वाचनालयांची दिवाळी अंक योजना. वेगळी वर्गणी, वेगळे कार्ड, एका वेळी एक अंक. अंकाच्या मुखपृष्ठावर वाचनालयाचा गोल शिक्का, बरोबर चित्रातल्या बाईच्या कपाळावर. वाचून परत देताना लोक सांगत, "अमक्याची कथा वाचा, बाकी चाळलं तरी चालेल." योजना बऱ्याच ठिकाणी अजून आहे. कार्डे कमी छापावी लागतात.

'सत्यकथा' १९८२ साली बंद झाली. तिचे जुने अंक बांधून ठेवणारी घरे होती. नवख्या लेखकाला आधी ते वाचायला दिले जात.

'ललित' १९६४ साली केशवराव कोठावळे यांनी काढले. पुस्तकांविषयीचे मासिक. जयवंत दळवी त्यात 'ठणठणपाळ' या नावाने लिहीत. वाचक आधी ते पान उघडत आणि मग नव्या पुस्तकांच्या जाहिरातींवर पेनने टिंबे करत. टिंबे केलेला अंक महिनाअखेरीस दुकानात नेला जाई. पगार आणि टिंबे यांचा मेळ दुकानातच बसवला जाई.

'चांदोबा'. मद्रासहून येई. मुले तो क्रमाने वाचत. मोठ्याचा नंबर आधी. विक्रम आणि वेताळाचे चित्र कोणत्या पानावर आहे, हे लहानग्यालाही माहीत असे. तो बंद झाला. 'किशोर' १९७१ साली निघाले. ते चालू आहे.

'साभार पोच'. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत खालच्या बाजूला येणारी चौकट. आलेल्या पुस्तकांची नुसती यादी: नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत. अभिप्राय नाही. छोट्या गावातल्या कवीच्या पहिल्या संग्रहाची सगळ्या महाराष्ट्रात झालेली नोंद बहुतेक वेळा एवढीच असे. ती कापून वहीत चिकटवली जाई. पुरवणीची पाने कमी झाली तेव्हा ही चौकट आधी गेली. तिच्या वर येणारे परीक्षण नंतर लहान झाले.

पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर प्रकाशकाची यादी असे. 'आमची इतर प्रकाशने'. नावांपुढे किमती. वाचनालयाच्या प्रतीत या यादीवर वेगवेगळ्या शाईच्या बरोबरच्या खुणा असत. एखाद्या नावापुढे खुणेऐवजी 'नको' असे असे.

*

पोस्टकार्ड. पुस्तकात लेखकाचा पत्ता छापलेला असे. वाचून झाल्यावर लोक त्या पत्त्यावर लिहीत. पंधरा ओळींत आवडलेले, शेवटच्या दोन ओळींत छापण्यातल्या चुका. लेखकही कार्डानेच उत्तर देत. उत्तरात कधी दुसऱ्या कोणाच्या पुस्तकाचे नाव असे, 'मिळाल्यास वाचा' म्हणून. कार्डाची किंमत अजून पन्नास पैसे आहे. बऱ्याच पुस्तकांत आता पत्ता नसतो.

जी. ए. कुलकर्णी धारवाडहून पत्रे लिहीत. सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा पुढे स्वतंत्र खंड निघाला. त्यात पानोपानी पुस्तकांविषयी लिहिलेले आहे. तो खंड वाचून कागदावर नावे उतरवून घेणारे वाचक होते. कागद घेऊन ते दुकानात जात.

व्ही. पी. पी. पोस्टमन पुस्तक घेऊन दारात येई, पैसे मोजून घेई आणि पार्सल हातात देई. गावात कोणाकडे पुस्तक आले, हे पोस्टमनला पहिल्यांदा कळे. त्याच्याकडून ते शाळेतल्या मास्तरांना कळे. आठवडाभराने मास्तर त्या घरी जात.

नोंदणीकृत बुकपोस्ट. कमी दरात पुस्तके पाठवायची सोय. छोटे प्रकाशक आणि जुनी पुस्तके विकणारे यावर अवलंबून होते. डिसेंबर २०२४ मध्ये ती बंद झाली. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाले. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. नियतकालिके त्यात बसत नाहीत. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले.

*

मुंबईतल्या फोर्ट भागातले 'स्ट्रँड बुक स्टॉल'. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली सुरू केले. गिऱ्हाइकाने काय घेतले होते हे लक्षात ठेवून पुढचे पुस्तक काढून देण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. शानभाग २००९ साली गेले. दुकान फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाले.

पुण्याच्या कॅम्पातले 'मॅनीज'. २०१२ साली बंद झाले. शेवटच्या दिवसांत लोक पुस्तके घ्यायला आले आणि दुकानाचे फोटोही काढून घेऊन गेले.

दुकानातला जुना नोकर. शिडीवर चढून, न बघता, वरच्या फळीवरून हवे ते पुस्तक काढणारा. शिक्षण सातवी-आठवी. कोणत्या पुस्तकाची कितवी आवृत्ती संपली, कोणते प्राध्यापक काय घेऊन गेले, हे त्याला तारखेसह सांगता येई. दुकानाविषयी पुस्तक छापले गेले असेल, तर त्यात त्याचे नाव शोधावे लागते.

एसटी स्टँडावरचा बुकस्टॉल. तारेला चिमट्यांनी लटकवलेल्या पॉकेटबुक कादंबऱ्या. गाडी लागेपर्यंत उभ्याने दहा पाने वाचायला मुभा असे. घेतलेले पुस्तक प्रवासात संपले तर शेजारच्या प्रवाशाला दिले जाई, किंवा सीटवर राही. स्टॉल आहेत. पाण्याच्या बाटल्या, वेफर्स, मोबाइलची कव्हरे. कोपऱ्यात स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके.

मुंबईत फाउंटनच्या पदपथावरचे जुन्या पुस्तकांचे ढीग. किंग्ज सर्कलचे. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आजूबाजूचे. जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर आधीच्या मालकांची नावे एकाखाली एक असत. ढीग कमी झाले. राहिले त्यांत इंग्रजी कादंबऱ्या आणि अभ्यासक्रमाची पुस्तके जास्त आहेत.

*

फिरती पेटी. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदा संस्थानात ग्रंथालयांची घडी बसवली. पुढे पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव जात. एका गावाचे वाचून झाले की पेटी पुढच्या गावी.

शाळेतली वर्गपेटी. शनिवारी शेवटच्या तासाला उघडे. गुरुजी पुस्तक देण्याआधी दोन वाक्ये सांगत आणि थांबत. भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'ला हात वर होत. आता तो तास दुसऱ्या विषयाला आहे.

'ग्रंथाली'. १९७४ साली सुरू झालेली वाचक चळवळ. सभासदांनी पुस्तके घ्यायची, पुढच्यांना सांगायची. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली इथून आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली. ही पुस्तके घरोघरी पोचवणाऱ्यांत बँकेतले कारकून होते, प्राध्यापक होते, कामगार होते. ऑफिसच्या टेबलाच्या खणात दहा-दहा प्रती ठेवल्या जात. जेवणाच्या सुट्टीत त्या संपत.

गिरणगावातल्या चाळींची वाचनालये. तळमजल्यावरची एक खोली, दोन बाके, भिंतीला वर्तमानपत्रे. पाळी संपवून आलेले लोक तिथे बसत. वाचता न येणाऱ्याला दुसरा वाचून दाखवी. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. पुष्कळ माणसे गावी गेली. त्यांच्या नावावर राहिलेली पुस्तकेही बरोबर गेली. वसुलीची पत्रे पाठवली गेली नाहीत.

*

रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे १८४०, पुण्याचे १८४८, कोल्हापूरचे १८५०. बहुतेक 'नेटिव्ह लायब्ररी' म्हणून सुरू झाली. पुढे नावे बदलली: नगर वाचनालय, सार्वजनिक वाचनालय, नगर वाचन मंदिर. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. ही सारी चालू आहेत.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली सार्वजनिक वाचनालयांचे चार वर्ग झाले. अ, ब, क, ड. सर्वांत लहान ते 'ड'. एक खोली, एक माणूस. तोच कुलूप उघडतो, झाडतो, वर्तमानपत्रे लावतो, पुस्तके देतो. अनुदान येईपर्यंत तो वाट बघतो. विचारले तर कोणते पुस्तक चांगले हे तो अजून सांगतो.

वाचनालयाच्या मोठ्या हॉलची अभ्यासिका झाली. प्रत्येक खुर्चीपुढे लाकडी आडोसा, दिवा, चार्जिंगची सोय. सकाळी सातला जागा भरतात. मुले आपली पुस्तके घरून आणतात. कपाटांकडे पाठ करून बसावे लागते, कारण दिवे त्या बाजूला आहेत. अभ्यासिकेच्या शुल्कावर वाचनालयाचे वीजबिल भागते.

मार्च २०२० मध्ये वाचनालये बंद झाली. त्या दिवशी लोकांच्या घरी जी पुस्तके होती, ती सात महिने तिथेच राहिली. १५ ऑक्टोबर २०२० पासून दारे उघडायला परवानगी मिळाली. परत आलेली पुस्तके काही दिवस वेगळ्या टेबलावर ठेवली जात. काही पुस्तके आली नाहीत. काही पुस्तके आली, ती घेऊन मुलगा आला किंवा सून आली. सभासद क्रमांकापुढे 'बंद' असे लिहिले गेले.

१५ ऑक्टोबर हा २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' आहे. त्या दिवशी कार्यालयांत सगळे एक-एक पुस्तक हातात घेतात. फोटो अहवालाला जोडतात.

२०१७ पासून स्टोरीटेल ॲपवर मराठी पुस्तके ऐकता येतात. भाजी चिरताना, लोकलमध्ये, फिरताना. कानात असल्यामुळे शेजारच्याला मुखपृष्ठ दिसत नाही.

मोबाइलवर पीडीएफ येते. एका वेळी दोनशे पुस्तके. पुढे पाठवायला दोन सेकंद लागतात.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना २००९ पासून चालू आहे. पुस्तकांची पेटी, ठरावीक काळ एका गटाकडे, मग दुसरीकडे. पेट्या परदेशातल्या मराठी घरांतही गेल्या आहेत.

*

निर्लेखन. जागा कमी पडली, पाने जीर्ण झाली, मागणी राहिली नाही, की वाचनालय पुस्तके बाद करते. यादी तयार होते, समिती मंजूर करते. पहिल्या पानावर 'बाद' असा शिक्का बसतो. मग वजन होते.

तालुक्याच्या त्या वाचनालयात असे वजन झाले. एकविसाव्या पानावर सात खुणा असलेली 'बनगरवाडी' त्या गठ्ठ्यात होती. तिसऱ्या चिठ्ठीवरच्या बाकीच्या चौकटी कोऱ्या होत्या. संगणकातही तिच्या नावापुढे 'बाद' अशी नोंद झाली. नवी प्रत मागवली गेली नाही.

शिफारस वही अजून टेबलाच्या कडेला आहे. बहुतेक पाने भरलेली आहेत. शेवटची नोंद निळ्या बॉलपेनची, अक्षर लहान मुलाचे, सहीच्या जागी पूर्ण नाव आणि इयत्ता. पुस्तकाच्या रकान्यात 'बनगरवाडी'. लेखकाच्या रकान्यात व्यंकटेश माडगूळकर.

शेऱ्याचा रकाना कोरा आहे.